एसयूव्हीवर सायकली न्यायच्या आहेत: छतावर, डिकीला की आत?

रानजाई
नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळले. सायकल कुठली घ्यावी यावर ढिगाने लिहिलंय, पण घेतलेली सायकल गाडीवर कशी न्यावी यावर सलग काही सापडलं नाही. म्हणून हा नवा धागा.

आम्ही पुण्यात राहतो. गाडी चार मीटरच्या आतली एसयूव्ही. मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "हीच का घेतली" यावर जातील. उंची साधारण १.७ मीटर, छताला लांबीच्या दिशेने रेल्स, मागच्या काचेच्या वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर, स्टेपनी डिकीच्या आत.

सायकली तीन. माझी हायब्रिड १३ किलो, नवऱ्याची माउंटन बाईक, म्हणजे एमटीबी, १५ किलो (२९ इंची चाकं, पुढे चाकाच्या मधून आरपार जाणारा जाड दांडा, म्हणजे थ्रू-अ‍ॅक्सल) आणि लेकीची २४ इंची, तीही १३ किलोच, कारण स्टीलची आहे.

दिवाळीनंतर रेवसपासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, तुकड्या-तुकड्यांत सायकल चालवायचा बेत आहे. गाडी एका गावात लावायची, दिवसभर फिरायचं, संध्याकाळी परत गाडीशी यायचं. शिवाय एरवी रविवारी पहाटे मला एकटीला मुळशीकडे जायचं असतं. चांदणी चौकातून सायकल काढायची हौस फिटली आहे, त्यामुळे चौकापलीकडे गाडीने आणि पुढे सायकलने.

दुकानात डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक दाखवला. चार-पाच हजारांत होतोय. "सगळ्या गाड्यांना बसतो" म्हणाला, आणि तिथेच मला शंका आली. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दोन_पॅडल
वाचतोय. मलाही हाच प्रश्न पडलाय.

चेनऑईल
रानजाई, शंका रास्त आहे. सगळ्या गाड्यांना बसतो म्हणजे कुठल्या गाडीला नीट बसतो ते त्यालाही माहीत नाही.

पट्ट्यांच्या रॅकचं काम कसं चालतं ते आधी बघा. वरच्या दोन पट्ट्यांचे हूक डिकीच्या दाराच्या वरच्या कडेत अडकतात. खालचे हूक दाराच्या खालच्या कडेत, आणि बाजूचे असले तर बाजूला. रॅकचे पाय काचेवर किंवा पत्र्यावर टेकतात. सगळं वजन वरच्या दोन पट्ट्यांवर लोंबकळतं, पाय फक्त टेकू देतात. बाजूच्या पट्ट्या डावीकडे-उजवीकडे हलू नये म्हणून असतात.

आता डिकी उघडा आणि वरच्या कडेवर बोट फिरवा. पत्र्याची कड लागली तर पुढचं बोलू. प्लॅस्टिक लागलं तर विषय संपला, कारण स्पॉयलर चार क्लिपा आणि डिंकावर बसवलेला असतो. रॅक पाच किलो आणि दोन सायकली अठ्ठावीस, म्हणजे उभ्या गाडीत तेहेतीस किलो. स्पीडब्रेकरवरून गाडी उतरताना तो झटका कितीतरी पटींनी बसतो. स्पॉयलर तडकला तर निदान दिसतं तरी. तो हळूहळू उचकटतो तेव्हा मागे कुणी हॉर्न देईपर्यंत कळत नाही.

काही नव्या गाड्यांचं डिकीचं अख्खं दारच प्लॅस्टिकचं असतं. चुंबक लावून बघा, फुकटची परीक्षा आहे.

उद्यमनगरी
ताई, एवढा विचार कशाला करताय? कोल्हापूरला या, शिवाजी उद्यमनगरात. इंचाचा चौकोनी पाइप, चार यू-क्लँप, सकाळी माप दिलं तर दुपारी रॅक गाडीवर. वरनं पावडर कोटिंग. तांबडा-पांढरा आमच्याकडनं.

चेनऑईल
उद्यमनगरी भाऊ, तांबड्या-पांढऱ्याला ना नाही. पण पाइपची उघडी तोंडं तशीच ठेवली की आत पाणी साचतं आणि गंज आतून खातो. वरचं कोटिंग चकाचक दिसत राहतं. आणि वेल्डजवळ पाइप थरथरून चिरतो. दोन पावसाळ्यांनंतर बघा.

उद्यमनगरी
चिरतोय तो साध्या वेल्डिंगवाल्याचा. आमी टिग (बारीक, स्वच्छ) वेल्डिंग मारतो आणि तोंडाला टोप्या बसवतो. पण एक मान्य हाय, छताला धरणारे पाय आणि आडवे बार कंपनीचेच घ्यावेत, तिथं जुगाड नको. वर सायकलीचं चाक बसायची पन्हाळ तेवढी आमी करू. अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल, मस्त.

स्टेपनी
आमची स्टेपनी बाहेर, मागच्या दारावर आहे. ज्यांची तशी आहे (थार, जिम्नी, गुरखा, जुनी इकोस्पोर्ट) त्यांच्यासाठी स्टेपनीवर बसणारा रॅक मिळतो. चाकाच्या मागे एक प्लेट जाते, पुढे दोन हात येतात. काचेला, पत्र्याला, स्पॉयलरला कुठेच स्पर्श नाही. काढला-घातला की झालं.

पण फुकटचं काहीच नसतं. ते दार बाजूला उघडतं आणि बिजागरीवर आधीच चाकाचं वजन असतं. त्यावर रॅक आणि दोन सायकली चढल्या की दार लटकायला लागतं. पुढे बंद करताना थोडं उचलून धरावं लागतं. म्हणून मी एकच सायकल नेतो, तीही दाराला जितकी चिकटून बसेल तितकी आत. शेवटच्या टोकाला टांगलेली सायकल बिजागरीला जास्त त्रास देते.

तुमची स्टेपनी आत आहे, त्यामुळे हा पर्याय तुम्हाला नाही. पुढे कुणी वाचेल म्हणून लिहिलं.

इसारकाठी
म्युनिकहून. इथे हा प्रश्न फार लवकर सुटतो, कारण गाडीला मागे ट्रेलर ओढायचा लोखंडी गोळा असतो. त्यावर फळीसारखा रॅक बसतो, सायकली त्यावर चाकांवर उभ्या राहतात, चाकांना पट्टे आणि फ्रेमला एक हात. रॅक मागे कलतो, त्यामुळे सायकली न उतरवता डिकी उघडते. १३ पिनांचं सॉकेट लावलं की रॅकवरचे दिवे गाडीच्या दिव्यांबरोबर पेटतात. गाडीची नंबरप्लेट झाकली जाते म्हणून तोच नंबर असलेली आणखी एक प्लेट रॅकवर लावतात.

गणित एवढंच, की गोळ्यावर खाली किती वजन चालेल ते गाडीच्या कागदांत लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना ७५ किलो. रॅक १८ किलो आणि २५ किलोच्या दोन ई-सायकली म्हणजे ६८. बॅटऱ्या काढून आत ठेवायच्या. उंच उचलावं लागत नाही हे मोठं सुख. माझी आई साठीनंतर इथे आली तेव्हा तिची सायकल तिने स्वतः चढवली.

भारतात हा गोळा लावून घेता येत नाही का?

निवृत्त_पण_निवांत
लावून देणारे खूप आहेत, प्रश्न तो नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने पुढचे लोखंडी बुलबार बेकायदा म्हणून काढायला लावले ते याच कलमाखाली. तेव्हा गाडीच्या चासीला कुणीतरी गल्लीत वेल्ड केलेला हूक आणि त्यावर सायकली, हे अंगावर घेऊ नये. अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारेल.

हातानं काढता-घालता येणारा रॅक ही वेगळी गोष्ट. तिथे पोलीस थांबवतात ते मुख्यतः दोन कारणांसाठी: नंबरप्लेट झाकली किंवा मागचे दिवे झाकले. जर्मनीसारखी जादा प्लेट इथे चालत नाही. आपली उच्च सुरक्षा प्लेट स्नॅप लॉकने बसवलेली असते, काढली की लॉक तुटतं, आणि दुकानात रंगवून घेतलेली दुसरी प्लेट म्हणजे नवाच गुन्हा. त्यामुळे मागे सायकली टांगणाऱ्यांनी गाडीपासून दहा पावलं मागे जाऊन, उकिडवं बसून बघावं. प्लेट पूर्ण वाचता येते का? ब्रेक लाइट, इंडिकेटर दिसतात का? नसतील तर तो रॅक त्या गाडीसाठी नाही.

शिवाय बाजूला. सायकल आडवी टांगली की चाकं गाडीच्या रुंदीबाहेर जातात. २९ इंची एमटीबी टोकापासून टोकापर्यंत पावणेदोन मीटरच्या वर जाते, मोठ्या फ्रेमची १.८५ पर्यंत. चार मीटरच्या आतली गाडी स्वतःच १.७५ ते १.८ रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं-थोडं, किंवा तिरकं बसलं तर एका बाजूला बरंच. माल गाडीबाहेर आल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आहे. दुचाकीवाल्याच्या कोपराला लागलं तर पैशांचा प्रश्न उरतच नाही.

रानजाई
बाप रे. मंडळी, धन्यवाद. डिकी उघडून बोट फिरवलं. पूर्ण कडेला प्लॅस्टिक. चुंबक खाली चिकटतो, वर नाही. म्हणजे पट्ट्यांचा रॅक बाद.

मग छत. पण छतावर मी कशी चढवणार? माझी उंची पाच फूट एक इंच.

रात्रपाळी_क्रू
छताच्या बाजूने मी बोलतो.

पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर (६४३ किलोमीटर) या शर्यतीत रायडरच्या मागे क्रूची, म्हणजे मदतनीसांची, गाडी असते. मी अशा गाड्यांत रात्री काढल्या आहेत. तिथे जादा सायकल बहुतेक वेळा छतावरच दिसेल, आणि ती दिसायला बरी म्हणून नाही. डिकी दर थोड्या वेळाने उघडावी लागते: पाणी, केळी, बटाटे, कपडे, चाक, पंप. मागे सायकल टांगली तर प्रत्येक वेळी ती आधी उतरवायची का? रात्री मागचे दिवे स्वच्छ दिसायला हवेत हे दुसरं कारण.

छतावर तीन प्रकार. एकात पुढचं चाक काढून फोर्क (ते चाक धरणारा दुहेरी दांडा) थेट क्लँपमध्ये बसवतात. सायकल खाली बसते, हलत नाही, आणि फ्रेमला कुणी हात लावत नाही, म्हणून कार्बनवाल्यांना हाच आवडतो. पण तुमच्या एमटीबीला थ्रू-अ‍ॅक्सल आहे, त्याला तसा अ‍ॅडॅप्टर लागेल, आणि तो माप बघूनच घ्यावा: १५ मिलिमीटरचा अ‍ॅक्सल १०० रुंदीचाही असतो आणि ११० चाही. काढलेलं चाक आत न्यावं लागतं, चिखलासकट.

आणि डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे प्लॅस्टिकची चकती घालायची. सायकल नवी आली तेव्हा खोक्यात होती, बहुतेकांनी फेकून दिली असेल. नसेल तर पुठ्ठ्याची घडी. ती नसताना कुणी गंमत म्हणून लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. गावात हायड्रॉलिक ब्रेक उघडून देणारा शोधत बसा मग.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही चाकं तशीच, सायकल पन्हाळीत उभी, आणि कॅरिअरचा एक हात फ्रेमच्या खालच्या नळीला पकडतो. थुले कंपनीचं फ्रीराइड १७ किलोपर्यंत आणि प्रोराइड २० किलोपर्यंतची सायकल धरतं. तुमच्या दोन्ही बसतील.

तिसऱ्यात हात फ्रेमऐवजी पुढच्या चाकाला पकडतो. महाग, पण फ्रेमच्या आकाराची कटकट नाही.

उंचीबद्दल: गाडीचं मागचं दार उघडा, उंबरठ्यावर उभ्या राहा. तिथून हात छताच्या वर जातो. पण १५ किलो छातीवर धरून उंबरठ्यावर चढणं एकट्याने करू नये. एकाने खालून द्यायची, दुसऱ्याने वरून घ्यायची. आणि क्रू असतानाही आम्ही हे दोघांनीच करतो.

चेनऑईल
क्रूसाहेबांना +१. त्यात दोन गोष्टी वाढवतो.

रानजाई, तुमच्या रेल्स नुसत्या शोभेच्या आहेत की वजन घेणाऱ्या, हे आधी गाडीच्या पुस्तिकेत बघा. कित्येक छोट्या एसयूव्हींना रेल्स असतात त्या प्लॅस्टिकच्या, टेपने चिकटवलेल्या. पुस्तिकेत "छतावरील कमाल भार" असा आकडा असेल तर तोच अंतिम. दुकानदाराचा, फिटरचा, माझा नाही.

दुसरं: दोन सायकली शेजारी-शेजारी उभ्या केल्या की हँडल एकमेकांना लागतात. एमटीबीचं हँडल ७५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद. म्हणून एक सायकल पुढे तोंड करून, दुसरी मागे. त्यासाठी कॅरिअर (बारवर बसणारी, सायकल धरणारी पन्हाळ) दोन्ही बाजूंना बसणारं आहे ना ते विकत घेतानाच बघायचं.

संत्रानगरी
नागपूरवरून एक गोष्ट सांगतो जी पुणेकर कधीच सांगणार नाही, ऊन. आमच्या इकडे मे महिन्यात रॅक गाडीवरच ठेवला ना, तर पट्ट्यांचं नायलॉन एका उन्हाळ्यात पांढरं पडून राहते आणि रबरच्या गाद्या कडक होऊन तडकते. वरून बघाल तर ठीक दिसते. नखानं खरवडा, पावडर निघते. पावडर निघाली की पट्टा बदला, मग बोला. काम नाही तेव्हा काढून ठेवा, सावलीत. पेट्रोलही वाचते अन् वाऱ्याची शिट्टीही नाही वाजत.

रानजाई
पुस्तिका काढली. रेल्स वजन घेणाऱ्या आहेत, आकडा ५० किलो.

आता माझा हिशेब बघा. दोन आडवे बार पायांसकट ५ किलो. कॅरिअर एक ४ किलो. तीन सायकली न्यायच्या तर तीन कॅरिअर १२. सायकली १३ + १५ + १३ = ४१. एकूण ५८. म्हणजे तीन बसत नाहीत.

दोन नेल्या तर ५ + ८ + २८ = ४१. आरामात.

लेकीची आत न्यावी लागणार. मागची सीट ६०:४० दुमडते. आम्ही तिघंच असतो, म्हणजे मोठा भाग दुमडून लेक छोट्या भागावर बसेल. पण सामान?

दोन_पॅडल
आतल्या नेण्याबद्दल मला बोलता येईल, कारण रॅक नसल्यामुळे मी तेच करतो.

मागची सीट दुमडण्याआधी पुढच्या सीटा थोड्या पुढे. सायकलचा गिअर मागच्या सगळ्यात छोट्या दातेरी चकतीवर टाका, म्हणजे मागचा डिरेलर (चेन चकत्यांवरून सरकवणारा भाग) आत वळतो. पुढचं चाक काढा, सायकलची सीट पूर्ण खाली, पॅडल वर-खाली नकोत, आडवे. सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू वर. खाली जुनी सतरंजी, आणि चेनवर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळा. चेनचं काळं तेल गाडीच्या छताच्या कापडाला लागलं की जात नाही.

फ्रेम सीटबेल्टच्या बकलला दोरीने बांधा, विसरू नका. ब्रेक मारल्यावर तेरा किलोचं स्टील पुढच्या सीटच्या पाठीवर यायला नको, त्यातून शेजारी मूल बसणार.

सामान सायकलच्या फ्रेमच्या त्रिकोणात आणि वर. मऊ पिशव्या न्या, सुटकेस नको.

घाटमाथा
आता कोकणाचं बोलू. तुमचा मार्ग किनाऱ्याचा आहे तर तीन गोष्टी.

झाडं. १.७ मीटरची गाडी, त्यावर बार आणि कॅरिअर, त्यावर सव्वा मीटरच्या आत सायकल. जमिनीपासून हँडलपर्यंत २.९ मीटर धरा. हायवेला, टोलनाक्याला, बोगद्याला काही होत नाही. होतं ते गावाच्या आतल्या रस्त्याला: आंब्याची खाली आलेली फांदी, फणस, सणासुदीचं कमानीचं बांबूचं टोक, आणि घराच्या अंगणात शिरताना आडवी गेलेली वीजवायर. घरगुती राहायला उतरता ना? अंगणात शिरण्याआधी एकाने उतरून बघायचं.

घरी बेसमेंट पार्किंग असेल तर तोंडावर लिहिलेली उंची वाचा. बऱ्याच ठिकाणी २.१ ते २.४ मीटर. म्हणजे सायकली चढवणं-उतरवणं गेटच्या बाहेरच. संध्याकाळी दमून परत येताना वर सायकली आहेत हे डोक्यातून जातं, म्हणून स्टिअरिंगला रबरबँडने चिठ्ठी अडकवा: "वर सायकली". हसू नका, लावा.

जेट्टी. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, या सगळ्या फेऱ्यांमध्ये गाडी बोटीवर चढते ती उतारावरून. ओहोटीला तो उतार जास्त तिरका होतो आणि गाडीचं मागचं टोक खाली घासतं. मागे टांगलेल्या सायकलचं चाक तिथे सिमेंटला लागलेलं मी बघितलंय, रिम वाकली होती. छतावरच्या सायकलला ही भीती नाही, या एका मुद्द्यावर तुमचा स्पॉयलर तुमच्या पथ्यावर पडला.

खारी हवा. दिवसभर किनाऱ्याला फिरल्यावर रात्री बारचे बोल्ट, कॅरिअरचे नॉब आणि सायकलची चेन गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. पाइपने जोरात फवारा मारायचा नाही, पाणी बेअरिंगमध्ये जातं.

स्टेपनी
मागे टांगणाऱ्यांसाठी अजून एक, घाटमाथांनी विषय काढला म्हणून. सायलेन्सरचं तोंड बघा. टायर त्याच्या समोर येत असेल तर घाटात चढावर गरम हवा सतत तिथेच बसते आणि टायरचा रबर मऊ पडतो. कॅमेऱ्याचं आणि सेन्सरचं तर सोडाच, रिव्हर्स टाकलं की गाडी किंचाळतच राहते.

मावळसरी
पावसाळ्यात नेताना सायकलींवर ताडपत्री टाकू का? ताम्हिणीत जायचंय.

चेनऑईल
अजिबात नाही. छतावर ताडपत्री म्हणजे गाडीला शीड लावणं. वारा भरला की सगळा झटका बारच्या पायांवर. सीटला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, बस. बाकी सायकल भिजू द्या, भिजायलाच बनली आहे. उतरवल्यावर चेन पुसून तेल.

निघण्याआधी सायकलवरचं सगळं काढायचं: पाण्याची बाटली, पंप, दिवे, सीटखालची पिशवी, मोबाईलचा होल्डर. बाटली पिंजऱ्यातून उडून मागच्या दुचाकीवाल्याच्या पुढ्यात पडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे आणि नॉब पुन्हा आवळायचे. नवा पट्टा पहिल्या खड्ड्यांनंतर बसतो आणि सैल होतो. पुण्याहून निघालात तर पिरंगुटच्या आत कुठेतरी चहाला थांबालच, तेव्हाच.

निवृत्त_पण_निवांत
पाच-सहा जणांचा गट असेल तर या सगळ्या भानगडीत पडूच नका. छोटा हत्ती ठरवा, खाली जुन्या गाद्या, सायकली उभ्या एकाआड एक उलट-सुलट, मधे पुठ्ठे. टेम्पोवाल्याला माल बांधायचं कौशल्य आपल्यापेक्षा जास्त असतं. आम्ही सत्तरीच्या आसपासचे सगळे असेच जातो आणि स्वतः लाल डब्याने.

रानजाई
काका, लाल डबा एकदम मान्य, पण लेकीला गाडी लागते म्हणून आपलीच बरी.

तर माझा निर्णय असा: आडवे बार आणि खालच्या नळीला पकडणारे दोन कॅरिअर घेतले. नवऱ्याची आणि माझी छतावर, लेकीची आत. रविवारी मी एकटी असते तेव्हा रॅकच्या नादाला लागायचंच नाही, सीट दुमडून सायकल आत. दुकानदाराने डिकीवाला रॅक अजून स्वस्त करून दिला होता, त्याला चुंबकाची गोष्ट सांगितली. त्यानेही आपल्या गाडीला चुंबक लावून बघितला.

बार बसवून घेतले. काल रात्री सोसायटीच्या बाहेर सायकली चढवून बाणेरपर्यंत चक्कर मारली. घट्ट आहेत, हलत नाहीत. नवरा खालून देतो, मी उंबरठ्यावरून घेते. पण साठच्या वर गेलं की छतावरून जोरात शिट्टी येते. सायकली उतरवून बघितलं तरी येते, म्हणजे बारचीच. काही तरी सैल आहे का?

चेनऑईल
सैल असतं तर खडखडलं असतं. शिट्टी म्हणजे हवा कुठल्या तरी फटीतून जातेय. बारच्या वरच्या बाजूला लांब खाच असते ना, कॅरिअरचे बोल्ट सरकायला? त्या खाचेत भरायची काळी रबरची पट्टी बारबरोबर येते. फिटर पुष्कळदा ती खोक्यातच सोडतात. कॅरिअर जिथे बसलंय तेवढी जागा सोडून बाकीच्या खाचेत ती कापून बसवा. आणि बार लंबगोल असतील तर जाडी बाजू पुढे आहे ना ते बघा, उलटे बसवले तरी वाजतात.

रानजाई
पट्ट्या खोक्यातच होत्या! बसवल्या. शंभरलाही आवाज नाही. 

उद्यमनगरी दादा, पन्हाळ नको, पण कॅरिअर घरात ठेवायला भिंतीवरच्या खुंट्या हव्या आहेत. कोल्हापूरला येणं होईल जानेवारीत.

उद्यमनगरी
या की. भिंतीचं माप घेऊन या, आणि वीट हाय का काँक्रीट तेवढं सांगा, खुंट्या त्याप्रमाणं.

मावळसरी
रानजाई, रबरची पट्टी कापायला साधी कात्री चालते का? माझेही बार आजच आले.

रानजाई
कात्रीने कड वेडीवाकडी येते. कटरने कापा, आणि आधी दोन मिलिमीटर लांबच ठेवा. दाबून बसवली की तेवढी आखडते.